पिल्लू रस्सा चाटतं, फोडी तशाच ठेवतं; वजन फक्त ४१० ग्रॅम

निळी_छत्री | शुक्रवार, रात्री ११:४०

इथले मांजरांचे धागे बरीच वर्षं नुसते वाचत आलेय, आज स्वतःवर वेळ आली. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी धो धो पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये (डोंबिवली) एका गाडीच्या चाकावर मांजराचं पिल्लू बसलेलं सापडलं. करडं, पट्टेरी, गळ्याखाली पांढरा ठिपका. खोक्यात टॉवेल घालून जिन्याखाली ठेवलं, आई येते का बघत रात्र काढली. नाही आली. वॉचमनकाका म्हणाले, "दोन महिन्यांचा बोका आहे, जगेल." मग घरी आणला.

आता खाण्याचं. पहिल्या दिवशी दूध-पोळी कुस्करून दिली, तुटून पडला. रात्रीपासून पातळ शी. दूध बंद केलं. दुकानातून ड्राय फूड आणलं (घरी आल्यावर पाकीट नीट वाचलं तर एक वर्षावरच्या मांजरांचं निघालं), एक दाणा तोंडात धरून खेळला आणि टाकून दिला. मग पाऊच (ओल्या खाण्याचं छोटं पाकीट, रश्शात फोडी). त्यातला रस्सा चाटूनपुसून साफ, फोडी जशाच्या तशा. दुसऱ्या चवीचं आणलं, पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी चिकन उकडून दिलं (आमचं घर शाकाहारी), ते हुंगलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला. काल अंड्याचा बलक जरा खाल्ला, आज त्याच्याकडे बघायला तयार नाही. रोज नवा नखरा.

कणीक मोजायच्या काट्यावर टोपलीत बसवून वजन केलं. ४१० ग्रॅम. दोन महिन्यांच्या पिल्लाचं ९०० च्या आसपास हवं असं वाचलं. म्हणजे निम्मंसुद्धा नाही! पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात, पोट मात्र टम्म. दहा मिनिटं खेळतो की झोपला.

आईचं म्हणणं, "लाडावलंय. एक दिवस उपाशी ठेव, मुकाट खाईल." मांसाहार घरात नको म्हणून त्याची वाटी गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला. रेतीचा ट्रेही तिथेच.

ठेवू का उपाशी? की अजून एखादा ब्रँड आणून बघू?

बोकोबा | शुक्रवार, रात्री ११:५२

नका. उपाशी अजिबात ठेवू नका. बाकीचं सकाळी लिहितो, पण एवढं आत्ता वाचा.

मोठं मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिलं तर यकृताच्या दुखण्यात सापडतं. एवढ्याशा जिवाची तर रक्तातली साखर काही तासांत उतरते. अंग गार लागलं, मान टाकली, चालताना डुलायला लागला, तर ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग खाणं. गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही.

रात्री खोक्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. आणि आत्ता तो जे काही चाटतोय ते चाटू द्या.

सातच्या_आत | शनिवार, सकाळी ८:०५

आमच्या लहानपणी वाड्यात वीसेक मांजरं असायची. दूध-भात खायची, उंदीर मारायची. कुणी काट्यावर ठेवली नाहीत की पाऊच फोडले नाहीत. सगळं फार होतंय आजकाल.

बोकोबा | शनिवार, सकाळी ८:२०

वीसातली मोठी किती व्हायची तेही सांगा.

सातच्या_आत | शनिवार, सकाळी ८:३१

ते मोजलं नव्हतं. मुद्दा पोचला.

श्रीखंडवडी | शनिवार, सकाळी ८:५०

निळी_छत्री, मी न्यू जर्सीत असते. इथे शेल्टरची (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्याची) पिल्लं काही आठवडे घरी सांभाळायला देतात, आतापर्यंत माझ्याकडे तीसेक येऊन गेलीत. तुझी पोस्ट वाचून पहिली शंका वेगळीच आली. तो दोन महिन्यांचा आहे कशावरून? वॉचमनकाकांवर जाऊ नकोस, पावसात भिजलेलं पिल्लू कितीचंही वाटतं.

दोन गोष्टी बघून सांग. दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा रंग. आणि तोंड उघडून दात, पुढचे नाही, गालाच्या बाजूचे. पिल्लांचे डोळे जन्मतः निळसर असतात, खरा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून चढायला लागतो. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, दाढा त्यानंतर, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमाराला.

वजनाचा आमचा ढोबळ हिशोब: जन्माला १०० ग्रॅम, मग आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम चढत जातात. चार आठवड्यांना ४५० च्या जवळपास, आठ आठवड्यांना ९००.

निळी_छत्री | शनिवार, दुपारी १:१५

ताई, तू म्हणालीस तसं खिडकीत धरून पाहिलं. डोळे निळे! घरात ट्यूबलाइटखाली करडे वाटत होते. दात बघायला नवऱ्याची मदत घ्यावी लागली, एक ओरखडा मिळाला. वर-खाली तांदळाच्या कण्यांएवढे दात, चार सुळे सुईसारखे. मागे एका बाजूला हिरडीतून पांढरं टोक नुकतं वर आलंय, दुसरीकडे नुसती गुलाबी हिरडी.

आज वजन ४०२. काल ४१० होतं. आठ ग्रॅम कमी. धस्स झालं.

श्रीखंडवडी | शनिवार, दुपारी १:४०

म्हणजे पाच आठवड्यांचा असेल, फार तर साडेपाच. अग, त्याला दाढाच नाहीत तर तो फोडी चावणार कशाने? रस्सा चाटतो कारण तेवढंच त्याला जमतं. गिळता येत नाही म्हणून टाकतो, आणि आपण म्हणतो नखरे करतो.

तरी ४०२ कमीच आहे. या वयाला पाचशेच्या आसपास हवा होता. आणि पिल्लाचं वजन रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं, त्याचं उतरतंय. सोमवारपर्यंत थांबू नकोस असं म्हणेन.

गोठा_ते_गल्ली | शनिवार, दुपारी ३:३०

मी पशुवैद्यक आहे. सांगली जिल्ह्यात निम्मी नोकरी गाई-म्हशींमध्ये गेली, आता शहरात कुत्री-मांजरं. न बघता औषध सांगणार नाही, पण जे वाचलं त्यावरून चार गोष्टी लिहितो.

टम्म पोट आणि बाहेर आलेले मणके एकत्र दिसले की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं जंतांचं. रस्त्यावरच्या मांजरीच्या पिल्लांना गोल जंत आईच्या दुधातूनच मिळतात, त्यासाठी घाणीत तोंड घालायची गरज नसते. खाल्लेलं जंत खातात, पोट भरल्यासारखं राहतं, भूक मरते. काडेपेटीत किंवा छोट्या डबीत ताजी शी घेऊन डॉक्टरकडे जा. शी तपासली तर जंतांबरोबर कॉक्सिडिया, जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवीही कळतात, पातळ शीचं कारण तेही असू शकतं. जंताचं औषध स्वतः देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि चारशे ग्रॅमच्या जिवात चूक करायला जागा नसते.

हिरड्या बघा. फिक्या, पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त प्यायलेलं असू शकतं. पिसवांसाठी कुत्र्यांचं कुठलंही औषध किंवा पावडर लावायची नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच उत्पादनांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर उठतं. बारीक दातांची फणी घ्या.

नाक वाहतंय का? मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की बंद पाकिटातलं आणि ताटातलं त्याला सारखंच. जिभेवर, टाळूला फोड आहेत का तेही डॉक्टरांना बघायला सांगा, सर्दीच्या विषाणूंनी येतात आणि मग भुकेलं पिल्लू वाटीजवळ येतं, तोंड लावतं आणि मागे सरकतं. लोक त्यालाही चोखंदळ म्हणतात.

आता तुमच्या पोस्टमधली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात. वॉशिंग मशीनच्या बाजूला वाटी, आणि तिथेच रेती. तुम्ही संडासात ताट घेऊन बसाल का? वर शेजारी मशीन गडगडतंय. वाटी घराच्या शांत कोपऱ्यात आणा, पाठीमागे भिंत असेल अशी. रेती तिथून लांब.

निळी_छत्री | शनिवार, दुपारी ४:०५

डॉक्टर, मनापासून आभार. नाक कोरडं आहे, शिंका नाहीत. हिरड्या फिकट गुलाबी वाटल्या, पण मला तुलना कशाशी करायची ते कळत नाही. आमच्या इथले डॉक्टर सोमवारी सकाळीच आहेत, उद्या बंद. आज-उद्या काय आणि किती भरवू? आणि आईला कसं सांगू!

गोठा_ते_गल्ली | शनिवार, दुपारी ४:३०

खेळतोय, चाटतोय, अंग गरम आहे तोवर उद्याचा दिवस निघेल. सुस्त पडला, उलट्या झाल्या, शीमध्ये रक्त दिसलं, तर ठाणे-मुंबईकडे रात्री चालू असणारं प्राण्यांचं रुग्णालय गाठा. लस न झालेल्या पिल्लाची रक्ताची शी मी हसण्यावारी नेत नाही.

भरवायचं असं. पिल्लांचंच पाऊच घ्या, फोडी फिरवून गुळगुळीत करा, पिल्लांची दूध पावडर (किटन मिल्क रिप्लेसर) पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवून त्यात घाला आणि सरसरीत करा. पिठलं करायच्या आधी बेसन कालवतो ना, तेवढं पातळ. गाईचं, म्हशीचं दूध नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात, आणि गाईच्या दुधातली साखर, लॅक्टोज, याच्या पोटाला सोसत नाही हे तुम्ही पाहिलंच.

फ्रिजमधलं गार देऊ नका. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाइतकं कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. कोमट केलं की वास उठतो, निम्मं काम तिथे होतं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच एखादा घास चटका देणारा निघतो, तो टाळा.

या वयाला किलोमागे दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. ह्याला म्हणजे ८० ते १००. ओलं खाणं ढोबळमानाने ग्रॅमला एक किलोकॅलरी धरा. म्हणजे दिवसाला एखादं पाऊच किंवा थोडं वर, पण एका वेळी त्याच्या पोटात १५-२० मिलीपेक्षा जास्त मावत नाही. म्हणून सहा वेळा. रात्री एकदा उठावं लागेल.

आईंना काय सांगायचं ते डॉक्टरांच्या हातात नसतं.

आंबोळी | शनिवार, सायंकाळी ६:१०

मालवणातून. आमच्याकडे मांजराक पाऊच कोण घालता! कोळणीच्या टोपलीखालीच वाढतंत. पण खरं सांगते, माझ्या दुसऱ्या मनीने असंच छळलं होतं. शेवटी सुकटीने वाट दाखवली.

बिनमिठाचा जवळा घ्या, विकत घेताना विचारून घ्या. खारवलेला मासा नको. धुवून उन्हात नाहीतर पंख्याखाली सुकवा, कोरड्या तव्यावर भाजा आणि पूड करा. खाण्यावर चिमटीभर भुरभुरायची, जास्त नाही, ते जेवण नाही, आमिष आहे. तव्यावर भाजताना दारं-खिडक्या उघडा. शाकाहारी घरात तर बाहेरच भाजून आणा :)

ताजी मासोळी कच्ची घालू नका. काही माशांत जीवनसत्त्व ब-१ मोडणारं द्रव्य असतं. मांदेली वगैरे देणार असाल तर उकडून, काटे काढून.

प्रथिनप्रेमी | शनिवार, सायंकाळी ७:००

हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग आहे. मांजर मांसाहारी प्राणी, त्याला नुसतं बोनलेस चिकन द्या, बाकी काही नको. माझा बोका चार वर्षांचा आहे, ठणठणीत.

गोठा_ते_गल्ली | शनिवार, सायंकाळी ७:४५

तुमचा बोका ठणठणीत आहे, आनंद आहे. बाहेर जाऊन उंदीर, पाली, चिमण्या हाडांसकट खात असेल. फ्लॅटमधलं पिल्लू कुठून आणणार?

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला महिनाभर तेवढंच दिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. मागच्या वर्षी माझ्याकडे चार महिन्यांची पांढरी पर्शियन आली होती. सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाड इतकं फिकं दिसत होतं की बाजूच्या मांसापासून वेगळं ओळखायला डोळे ताणावे लागले. घरचे म्हणाले, "डॉक्टर, आम्ही तिला रोज चिकनच देतो हो, कशाची कमी नाही."

चिकन चव म्हणून चालेल, एकूण खाण्याच्या एक-दशांश. कांदा, लसूण असलेलं पाणीसुद्धा नको, त्याने लाल रक्तपेशी फुटतात. आपल्याकडे "रस्सा काढून धुवून दिलं" म्हणतात, ते पुरत नाही.

पुणेरी_पगडी_नाही | शनिवार, रात्री ९:२०

मग शाकाहारी घरात मांजर पाळूच नये का? दूध, दही, पनीर, भात यावर होत नाही?

बोकोबा | शनिवार, रात्री ९:४०

जगतं, पण नीट नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसामाशांतूनच मिळतं. कमी पडलं की आधी डोळ्यांचा पडदा जातो आणि हृदय ढिलं पडतं. १९८७ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी हृदयाच्या आजाराचा हा संबंध दाखवला, त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरीन वाढवलं. म्हणून पाऊच. तो बंद असतो, वेगळा चमचा ठेवा, वेगळी बशी ठेवा. माझी आत्या कट्टर शाकाहारी, तिच्या मांजरीचं सगळं सामान रंगाच्या रिकाम्या डब्यात असायचं आणि तो डबा घरात आहे हे आत्या मान्यच करायची नाही.

निळी_छत्री | रविवार, रात्री १२:५०

अहवाल. आईशी बोलले. पाच आठवड्यांचा आहे, दाढा नाहीत म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "दात नाहीत तर आधी नाही का सांगायचं." जणू मला माहीत होतं. कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनं चटणीचं भांडं काढून दिलं, झाकणाला तडा गेलेलं. "हे त्याचं. माझ्या भांड्यांत मिसळायचं नाही." जागा मिळाली हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटाखाली, वर्तमानपत्र घालून. श्रावण लागला की बघू, असंही बजावलंय.

पाऊच फिरवलं, दूध पावडर घातली, कोमट केलं. वाटीऐवजी बशीत. मी मागे सरकले तर तो माझ्यामागे आला, खाण्याकडे गेलाच नाही. मग बशीशेजारी फतकल मारून बसले, बोटाला लावून ओठाच्या कडेला टेकवलं. चाटलं. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी बोट हळूहळू बशीत खाली नेलं आणि तो बोटाच्या मागे बशीत उतरला. अक्षरशः उतरला, पुढचे दोन्ही पाय खाण्यात! खाताना घशातून बारीक गुरगुर, मोटर चालू झाल्यासारखी. मिशांना सगळं माखलं. काट्यावर बशी आधी-नंतर ठेवली. १३ ग्रॅम पोटात गेलं.

रडले मी थोडी. नवरा म्हणाला, "तेरा ग्रॅमला?"

श्रीखंडवडी | रविवार, सकाळी ६:३०

तेरा ग्रॅमला मीही रडलेय. खाऊन झालं की कोमट ओल्या फडक्याने तोंड, पाय पुसून कोरडं कर. आई-मांजर चाटते तसं. सुकलेलं खाणं केसांत कडक होतं आणि ओलं अंग पिल्लाला गारठवतं.

निळी_छत्री | रविवार, रात्री ९:१०

दिवसभरात सहा वेळा, एकूण ६१ ग्रॅम. दुपारची एक बशी हुंगून सोडून दिली, मग काकूंकडून आणलेली जवळ्याची पूड चिमटीभर घातली, आंबोळीताईंचा विजय असो. वजन ४०५.

एक शंका. संध्याकाळपासून अंग खूप गरम लागतंय, पोटाला तर चटका बसेल असं. ताप असेल का? घरात भाच्याचं तापाचं औषध आहे, लहान बाळांचे थेंब. एक थेंब देऊ का उद्यापर्यंत?

गोठा_ते_गल्ली | रविवार, रात्री ९:१४

नाही. पॅरासिटामॉल मांजराला अजिबात नाही. एक थेंबही नाही. दिलं नाही ना?

निळी_छत्री | रविवार, रात्री ९:१६

नाही नाही. बाटली परत कपाटात ठेवली.

गोठा_ते_गल्ली | रविवार, रात्री ९:३०

ठीक. ओरडल्यासारखं वाटलं असेल तर माफ करा, पण दर पावसाळ्यात याने गेलेलं एखादं मांजर टेबलावर येतं. हे औषध मोडून बाहेर टाकायची आपल्या यकृतातली सोय मांजराकडे जवळजवळ नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात.

मांजराचं नेहमीचंच तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं. आपलं अंग ३७ चं, हात त्याहून गार, त्याला ते गरमच लागणार. खातोय ना? उद्या डॉक्टर थर्मामीटर लावतील.

भूक वाढवायची सिरपं, माणसांची टॉनिकं यांबद्दलही कुणी सांगेल, तीही ऐकू नका. मांजरांसाठी भुकेची औषधं आहेत, ती तपासून द्यायची असतात.

निळी_छत्री | सोमवार, दुपारी २:२०

डॉक्टरांकडून आलो. बातम्या अशा:

बोका नाही, भाटी आहे. वॉचमनकाकांचे दोन्ही अंदाज गेले.

वय पाच ते साडेपाच आठवडे. ताप नाही, ३८.६. तोंडात फोड नाहीत. शीमध्ये गोल जंतांची अंडी "खच्चून" होती म्हणाले. जंताचं औषध त्यांनीच पाजलं, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, कारण शरीरात फिरणाऱ्या अळ्या पहिल्या वेळी मरत नाहीत. पिसवा सापडल्या पाच-सहा, फणी करायची. लस वजन थोडं चढल्यावर. रेती साफ केली की साबणाने हात, आणि भाच्याला ट्रेपासून लांब ठेवायचं.

सिरिंजने भरवू का विचारलं तर म्हणाले स्वतः खातेय तोवर गरज नाही. लागलीच तर पोटावर सरळ बसवून, तोंडाच्या कडेने, गिळेल तसं थेंब थेंब. बाळासारखं उताणं कधीही नाही, फुप्फुसात जातं.

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ७:०५

जेवताना वाचू नका.

पहाटे ट्रेमध्ये शेवया. खरोखर शेवया, बोटभर लांब, पांढरट, तीन. एक हलत होती. आई तेव्हाच देवपूजेला उठली होती, तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा पोटात हे?" पुढची पंधरा मिनिटं घंटी जरा जोरात वाजत होती.

वजन ४०१. पोट उतरलंय म्हणून असेल ना?

गोठा_ते_गल्ली | मंगळवार, सकाळी ७:४०

असेल. उद्यापासून आकडा बघा. रोज एकाच वेळी, सकाळी खाण्याआधी.

बोकोबा | मंगळवार, सकाळी ८:१५

शेवयांची खीर सहा महिने बंद. धन्यवाद.

निळी_छत्री | शुक्रवार, रात्री १०:३०

बुध ४१२, गुरु ४२६, शुक्र ४४१. भूक अशी उघडलीय की चटणीच्या भांड्याचा आवाज आला की पायांत येते. पातळपणा रोज थोडा कमी करतेय. शी बांधून व्हायला लागली.

भाच्याने नाव ठेवलं: सुकट. बारीक म्हणून, आणि सुकटीवर जेवायला लागली म्हणूनही. आईने जाहीर निषेध केला, शाकाहारी घरात अशी हाक मारणार नाही म्हणाली. ती तिला सुकन्या म्हणते.

सातच्या_आत | शुक्रवार, रात्री १०:५०

सुकन्या! हे मला आवडलं. वाचनखूण साठवली.

मिठू_मियाँ | रविवार, दुपारी १२:००

माझा पोपट तीन दिवस डाळिंब खात नाहीये, इथे विचारलं तर चालेल का?

बोकोबा | रविवार, दुपारी १२:०४

वेगळा धागा काढा हो. आणि सुकटला दाखवू नका.

निळी_छत्री | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, ज्यांनी रात्री जागून उत्तरं दिली त्यांना हिशोब द्यायचा होता.

आज ६९५ ग्रॅम. डोळे निळ्याचे हिरवट-पिवळे व्हायला लागलेत. दाढा वर-खाली दोन्हीकडे आल्या, मागच्या रविवारी पहिल्यांदा पाऊचमधली फोड चावून खाल्ली, मान तिरकी करून, एका बाजूने, कचकच आवाज करत. पिल्लांचं ड्राय फूड भिजवून दिलं तर खाते, कोरडे दाणे अजून फक्त खेळायला. जंताचा दुसरा डोस झाला, ट्रेमध्ये काही दिसलं नाही. परवा पहिली लस. पुढच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर.

नखरे संपले असं नाही. फ्रिजमधलं थेट दिलं तर बशीच्या बाजूची फरशी उकरते, शी झाकावी तसं माझं जेवण झाकते. कोमट केलं की खाते. एकच चव लागोपाठ नको म्हणून दोन-तीन प्रकार आलटूनपालटून देतेय, नवा आणला की जुन्यात थोडा थोडा मिसळून. जवळा आता आठवड्यातून एखाद्या वेळी. आंबोळीताई, तुमच्या पुडीची बाटली काकूंकडेच आहे, आमच्याकडे पुडी करून येते.

श्रावण लागला. पाऊच अजून टीव्हीखालीच उघडतोय. आईने विषय काढला नाही, मीही काढला नाही.

श्रीखंडवडी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ६:०५

६९५!! इथे दोन पौंड, म्हणजे ९०० ग्रॅम झाले की नसबंदी करून दत्तक देतात. तू देणार आहेस का कुणाला?

निळी_छत्री | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:३०

विचारलं घरात. आई म्हणाली, "सुकन्येला कशाला द्यायचं?" आणि वॉशिंग मशीन लावायला गेली.